मीठ घातलेली पेज

माफ करा, लिहावं असं माझ्याकडे फार काही नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून गावातले लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. स्वतःविषयी लिही असं कुणी म्हटलेलं नाही. पण एक गोष्ट तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून लिहितो.

गोंदियाला खोली घेतली तेव्हा आईने एकच वचन घेतलं होतं, खर्रा खायचा नाही. पहिल्याच वर्षी मित्रांसोबत पाच-सहा वेळा मी ती सुपारी-तंबाखूची पुडी तोंडात टाकली. दुसऱ्या वर्षी एकदा आरशात पाहिलं तर जिभेवर लाल चट्टे, भोवती पांढरी किनार. आठवड्याने ते दुसरीकडे सरकलेले. तिखट लागलं की आग व्हायची. खर्राच भोवला, असं मी ठरवून टाकलं. दात घासताना दार लावू लागलो. हसताना तोंड कमी उघडू लागलो.

रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, केशोरीजवळच्या आमच्या गावी गेलो. दुपारी भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर, रोवणाऱ्या बायांसोबत जेवायला बसलो. आईने माझ्यासाठी मुद्दाम वांग्याची झणझणीत भाजी आणली होती. स्वतः ती नेहमीसारखी भाताची पेज मीठ घालून पीत होती. पहिलाच घास मी चिखलात थुंकला.

"काऊन गा, माशी होती का?" एका काकूने विचारलं.

"माशी नाही वो, गोंदियाची हवा!" दुसरी म्हणाली. "आता घरचं गोड नाही लागत बाबूले."

सगळ्या हसल्या. जिभेचं खरं सांगितलं असतं तर खर्र्याचंही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "माय, तुझ्या हातचं आता जमत नाही मले."

आईने डब्याला झाकण लावलं आणि अर्धी पेज तशीच ठेवून रोवायला उतरली.

गोंदियाला परतलो तरी तो झाकलेला डबा डोळ्यांसमोरून जाईना. शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडमनी टॉर्चने जीभ पाहिली.

"खर्रा?"

मी मान खाली घातली.

"छोड़ दो. पर ये उससे नहीं है." असे चट्टे येतात, जातात, धोका काही नाही, फक्त तिखट-आंबट कमी खा, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "घर में और किसी को है?"

"नहीं," मी लगेच म्हणालो. घरात कुणाची जीभ मी कधी पाहिलीच नव्हती.

संध्याकाळी धाकट्या बहिणीला फोन करून सगळं सांगितलं, खर्र्यासकट. आईला तूच सांग, म्हणालो. स्वतः बोलायची हिंमत झाली नाही. तीन दिवस काहीच निरोप नाही.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"दादा, खर्र्याचं आयकून माय लय रागावली. बोलूनच नाही राहिली होती. आज चुलीजवळ बलावलं अन् मले जीभ काढून दाखवली. तशेच चट्टे. लहानपणापासून हायेत म्हणते, म्हणून पेज पिते. आपल्याले कधी विचारावंसं नाही वाटलं का रे?"

"अजून काय म्हणते माय?" मी विचारलं.

"अन् म्हणते, खर्रा खाऊन आला तं घरात घेणार नाही. नाही खाल्ला तं पेज दोघांची मांडीन."