राहिलेलं तिखट

बा माझ्याकडं नाशिकला निघाला त्या दिवशी सगळा पाडा जीपभोवती गोळा झाला होता, तुम्हाला आठवतच असेल. अंगात धुवट सदरा, डोक्याला टोपी आणि बगलेत आयच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला लोखंडी तवा. मी म्हटलं, "बा, माझ्याकडं तवे हायेत." तो म्हणाला, "असतील." आणि तवा मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसला. कपड्यांची पिशवी मात्र विसरला. ती शेजारच्या धुरपतमावशीनं धावत येऊन खिडकीतून आत टाकली. घराला कुलूप मीच लावलं. किल्ली त्याच्यापुढं धरली, तर त्यानं तोंड फिरवलं.

हे तुमच्यासाठी लिहितेय, पाड्यावर राहिलेल्यांसाठी. आणि पोटामागं गिरणाऱ्याला, नाशिकला, पार वापीपर्यंत गेलेल्यांसाठीसुद्धा. कारण कुणाचाही फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "मंदा, घराचं तिखट झालं का गं?" मी पावसापाण्याचं काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचे. आता एकदाचं सांगून टाकते.

इथं कुणाला समजावून सांगायची सोय नाही. मी कामाला जाते त्या मेडिकलमधल्या पोरी म्हणाल्या, "म्हणजे माणूस गेल्यावर पार्टी?" पार्टी, डोंबलाची! आपल्याकडं माणूस गेलं की घरात मासमच्छी बंद. दिवस होतात, गोडाचं जेवण होतं, मग माहेरची माणसं तिखट घेऊन येतात. घरातल्या सगळ्यांनी ते खाल्लं की सुतक फिटलं आणि गेलेलं माणूस मोकळं झालं. तोवर ते दारात उभं असतं म्हणतात. आत येत नाही, पुढं जात नाही.

आयचं तिखट घेऊन मामा आला होता. तिला आवडते म्हणून त्यानं मुद्दाम मरळ आणली होती. पंगत बसली, पानात तळलेल्या तुकड्या पडल्या. पहिला घास बानं घ्यायचा. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत बसले. त्यानं पानाला हात जोडले, उठला आणि बाहेर खळ्यात जाऊन बसला. मग कोण खाणार? तुम्हीही उठलात. मामा एवढा तापट माणूस, पण त्या दिवशी त्यानंच पानं उचलली.

मासे तळावेत तर आयनंच. राखेनं चोळून मरळीचा बुळबुळीतपणा काढायची, तुकड्या करायची, लसूण आणि लाल मिरची पाट्यावर गंधासारखी वाटायची. चिंचेचा कोळ, हळद, मीठ. वरून नागलीचं पीठ. तव्यावर खुरासणीचं तेल तापलं की घरात ठसका आणि वळचणीला मांजर. आम्ही पहिला घास घेतला की ती हातातलं सगळं टाकून आमच्या तोंडाकडं बघायची. "डोळ्यातनं पाणी आलं का?" आम्ही नाक ओढत मान हलवायचो. "मंग नीट झालंय," म्हणायची आणि मगच स्वतःचं ताट घ्यायची.

मी लग्न होऊन पहिल्यांदा नाशिकला निघाले, तेव्हा तिनं पळसाच्या पानात तुकड्या बांधून दिल्या होत्या. सगळी एसटी घमघमली. कंडक्टर म्हणाला, "ताई, पुडीचं अर्धं तिकीट काढा." लोक हसले, मीही हसले आणि हसता हसता जी रडायला लागले ती त्र्यंबक येईपर्यंत. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये मग मीही मासे तळायला लागले, पण चोरी केल्यासारखे. खिडक्या बंद, एक्झॉस्ट चालू, वर उदबत्ती. मसाला मिक्सरमधला, तवा नॉनस्टिक. आमचे हे मिटक्या मारत खायचे. डोळ्यांतून पाणी मात्र कधी कुणाच्या आलं नाही.

बा आला तसा मासा बंदच झाला. त्यानं तवा आपल्या कॉटखाली ठेवला. चार दिवसांआड बाहेर काढायचा, तेलाचं बोट फिरवायचा, पुन्हा लुगड्यात गुंडाळायचा. गंज चढू नये म्हणून आय तसंच करायची. जेवण म्हणाल तर चिमणीएवढं. दोन घास खाऊन ताट सरकवायचा आणि गॅलरीत बसून खालच्या गाड्या बघायचा. सदऱ्यात माणूस आहे की सदरा नुसताच वाळत घातलाय असा प्रश्न पडायचा. मी लय बोलायचे त्याला. "बा, एकदा तिखट करून टाकू. तुझ्या जिवाला बरं वाटंल. मामा पण थांबलाय, त्याच्या घरात पण मासा शिजत नाय." तो ऐकून घ्यायचा. एकदाच म्हणाला, "तुला लय घाई झालीय तिला घालवायची." त्या दिवशी मला इतका राग आला की मी कुकरच्या तीनऐवजी सहा शिट्ट्या होऊ दिल्या.

मग मागच्या बाजाराच्या दिवशी बा सकाळीच तयार. "कौलं बघून येतो." किल्ली मागितली नाही, मीच त्याच्या खिशात घातली. दिवसभर माझं कामात लक्ष नव्हतं. परत येतो की नाही, हीच धास्ती. दिवेलागणीला दार वाजलं. बाच होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कागदाची पुडी.

पिशवीत हरसूलच्या बाजारातली मरळ होती. पुडीत राख.

"धुरपतच्या चुलीतली हाय," तो म्हणाला. "तुझ्याकडं राख कुठली? मरळ धुवायची कशी?"

तो तिथंच चपला घालायच्या स्टुलावर टेकला.

"कुलूप काढलंच नाय मी. दुपारभर उंबऱ्यावर बसलो. ती तिथंच हाय गं मंदा. मला वाटलं, तवा आणला तं माझ्यासंगं येईल. कशी येईल? तिला हितला रस्ता ठावं नाय. उन्हात उभी हाय, आणि आपण दाराला कुलूप घालून हिकडं आलो." मग म्हणाला, "मीच आडवून ठेवलंय तिला. आज कर."

राखेनं मरळ मीच चोळली. बानं लुगडं सोडून तवा काढून दिला. खोलगट बुडाचा तो, गॅसवर नीट बसेना, एका बाजूला कलायचा. मी सवयीनं खिडकी लावायला गेले, तर बा म्हणाला, "उघडी ठेव. तिला वास कळाया पायजे." सगळ्या खिडक्या उघडल्या. समोरच्या फ्लॅटमध्ये कुणीतरी खोकलं. खोका म्हटलं, आज खोका!

आमचे हे, बा आणि मी, तिघं खाली बसलो. बानं तुकडी मोडली आणि घास तोंडात घातला. सावकाश चावला, गिळला. दुसरा घेतला. यांनीही सुरुवात केली. मला हायसं वाटायला हवं होतं. एवढ्यासाठीच तर म्हाताऱ्याच्या मागं हात धुऊन लागले होते. आणि माझाच हात पुढं जाईना. माझी तुकडी पानात तशीच. ही खाल्ली की झालं. मग आय उन्हातही नाही, दारातही नाही, कुठंच नाही. इतके दिवस मी बाला बोलत होते, आणि आतून मलाही तेच हवं होतं. ती तिथं उभी असलेलीच.

"खा," बा म्हणाला.

"बा, आजचा दिवस राहू दे ना."

"मलाबी तसंच झालं व्हतं." त्यानं माझ्या पानातली तुकडी उचलली, काटा काढला आणि घास माझ्या तोंडापुढं धरला. त्यानं मला कधी भरवल्याचं आठवत नाही. ते काम आयचं.

मी खाल्लं. मिरची टाळूला झोंबली, लसूण, राखेचा अगदी पुसट वास, खुरासणीचं तेल. डोळे भरले ते थांबेचनात. बाच्या पांढऱ्या मिशांवरूनही पाणी ओघळत होतं.

"पाणी आलं का?" त्यानं विचारलं.

"आलं."

"मंग नीट झालंय," तो म्हणाला आणि पान स्वच्छ करून उठला.

तर तिखट झालं. मामाला सांगा, त्यानं आता मासे शिजवावेत. तवा माझ्या ओट्यावर खिळ्याला आहे. बा जेवतो, गॅलरीत मिरचीची दोन रोपं लावलीत त्यानं, आणि काल वॉचमनशी भांडलाही. सगळं बरं आहे. फक्त मला तिकडं यायचा धीर होत नाही. आजवर वर्षाकाठी एकदा आले काय, दोनदा आले काय, नदीकडच्या वळणावरून घर दिसायचं आणि दारात ती असायची. ती गेल्यावरही, हे तिखट होईपर्यंत, असणार होती.

धुरपतमावशे, किल्ली पाठवतेय. मी येईन त्या दिवशी कुलूप काढून ठेव, आणि जरा दारात उभी राहा.