तिने कोरी ठेवलेली जागा

परवा इंजेक्शनच्या आधी दंडावर गार स्पिरिट लागलं, आणि त्या वासासरशी मी मनाने कैक वर्षांपूर्वीच्या अंबडच्या एका दवाखान्याच्या काउंटरमागे जाऊन पोचले.

पेशंटच्या नोंदी ठेवणारा आमचा प्रोग्राम तिथे नव्या डेटाबेसवर चढवला होता. डेटाबेस कुठलाही असो, आमचा कोड चालणारच, अशी आमची ऐट. तेवढ्यात तापलेल्या लेकीला कडेवर घेऊन एक बाई आली. तिची जुनी नोंद उघडली तर पडद्यावर ‘पतीचे नाव: माहीत नाही’, आणि तिथेच अडून केसपेपर काही निघेना. जुना डेटाबेस कोरी जागा कोरीच ठेवायचा. नवा तिला ‘माहीत नाही’ समजत होता.

काउंटरवरच्या मुलीने हळूच विचारलं, "ताई, नाव माहीत न्हाई का?"

"माहीत कसं न्हाई? पण लावायचं न्हाई मला. मागं बराबर कोरं ठेवलं होतं."

मुलीने हाताने चिठ्ठी लिहून दोघींना आत पाठवलं. मी तिथेच बसून कोड दुरुस्त केला.

औषध घेऊन बाई थेट स्टँडकडे गेली नाही. झोपलेल्या लेकीला खांद्यावर सावरत ती काउंटरवरून वाकली, पडद्यावरची रिकामी चौकट निरखून पाहिली. "हां, आता झालं," म्हणाली आणि गेली.

अजूनही नवा डेटाबेस आला की मी आधी एक कोरी जागा साठवते आणि ती कोरीच परत येते का ते बघते. नवी पोरं हसतात. तेव्हा मलाही ती नुसती तांत्रिक भानगड वाटली होती. आता वाटतं, त्या अख्ख्या नोंदीत बाईने स्वतःच्या मर्जीने भरलेली तेवढी एकच जागा होती.