ठकीचा सैल नेफा

समजा, तुमच्यासमोर दोन वर्षांची मुलगी उभी आहे. उभी कसली, वळवळतेच आहे. तिच्यासाठी तुम्हाला मोजकेच कपडे शिवायचे आहेत आणि अट एकच: ते तिचे तिला काढता-घालता आले पाहिजेत. तुम्ही हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. आता सांगा, कात्री कुठून चालवाल?

माझ्या ताईपुढे हीच अट होती आणि मुदत महिनाअखेरची. ताई तयार कपड्यांच्या कारखान्यात अर्धा दिवस शिवते, मग पाळणाघरातून लेकीला घेऊन घरी येते. कारखान्यात नमुने शिवायच्या खोलीत जागा रिकामी झाली आणि मास्तरांनी ताईला विचारलं. नव्या कपड्याचा पहिला नग तिथे जन्माला येतो, म्हणून ताईचा त्या खोलीवर कधीपासून डोळा. पण काम पूर्ण दिवसाचं, आणि पाळणाघरात पूर्ण दिवस ठेवतात ते फक्त स्वतःची विजार काढून शू करायला बसणाऱ्या मुलांना.

भाचीला आम्ही ठकी म्हणतो. तिचं कपाट आल्यागेल्यांनी दिलेल्या कपड्यांनी भरलेलं. पाठीवर बटणं असलेले झगे, बंदांच्या विजारी, डोक्यात अडकणारे स्वेटर. दिसायला सगळे गोड.

“यातलं एक तरी पोरीला सुटेल का?” असं म्हणत ताईने सगळं बोचक्यात बांधलं.

“अगं, पोर आहे की शिपाई?” ताईच्या सासूबाई म्हणाल्या. “एवढ्याशा जिवाला कसली शिस्त लावतेस?”

“तिला नाही हो आई, कपड्यांना लावतेय.”

मऊ सुती कापडाचे चार सदरे आणि पाच विजारी शिवून झाल्या. गळे रुंद, गुडघ्यावर दुहेरी कापड. बटण नाही, चेन नाही, नाडा नाही. रंगही असे, की कोणताही सदरा कोणत्याही विजारीवर चालावा, कारण ठकी हाताला येईल ते ओढते. घड्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवल्या, तिचा हात पोचेल अशा.

पहिल्याच दिवशी ठकीने विजार आपली आपण चढवली. ताईने टाळ्या पिटल्या. थोड्या वेळाने ठकी बाथरूमकडे पळाली, विजारीशी झटापट करून लालबुंद झाली आणि दारातच तळं केलं.

“लागली वाटतं शिस्त कपड्यांना,” सासूबाई म्हणाल्या.

ताईने ओली विजार हातात घेतली. कमरेच्या ज्या पट्टीतून इलॅस्टिक ओवतात, त्या नेफ्यात करंगळी घालून बाहेर खेचली आणि कपाळावर हात मारला. कारखान्यात सैल इलॅस्टिकचा नग तपासणीतून तोंडावर परत येतो. त्या धाकाने ताईचा हात वर्षानुवर्षं इलॅस्टिक ताणूनच ओवत आलाय. घरीही त्याने तेच केलं होतं.

“अगं बाई, मी लेकीला तपासनिसासाठी शिवलं!”

पाचही नेफे उसवले. सैल केले, तर ठकी पळताना विजार घोट्याशी आली. सासूबाई हसून हसून खाली बसल्या, पण मग त्यांनीच चष्मा लावला.

“एकदम सोडू नकोस गं. बोटभर आवळ. आणि पुढे धरायला काहीतरी दे तिला.”

इलॅस्टिक बोटभर आवळलं. नेफ्यावर पुढच्या बाजूला लाल पट्टीची कडी शिवली. ठकीची मूठ त्या कडीत बरोब्बर बसली.

महिनाअखेरीला पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, “मी नुसती बघणार हं.” ताईही बघत राहिली, हात पाठीमागे घट्ट धरून. ठकीने कडी धरली, विजार खाली ओढली, बसली. उठून ती वर चढवताना अर्धा सदरा आत कोंबला गेला, विजारीचा एक पाय पिळला. बाईंचा हात नकळत पुढे गेला, तर ठकीने तो ढकलून दिला.

“मी! मी!”

बाई हसल्या. “उद्यापासून दुपारचा डबाही पाठवा.”

त्या दिवशी ताई कारखान्यात गेली ती मान वर करूनच. मास्तरांना म्हणाली, “येते मी नमुन्यांच्या खोलीत.” इकडे सासूबाई जिन्यात भेटेल त्याला थांबवून ठकीची विजार दाखवत होत्या. “सुनेने शिवलीय. नेफा मात्र माझ्या सल्ल्याने!”

परवा ताईच्या टेबलावर लहान मुलांच्या विजारीचा नवा नमुना आला आणि तिने त्यालाही लाल कडी लावली. मास्तर म्हणाले, “कडी ठेवू. पण इलॅस्टिक किती सैल, ते सगळ्या मुलांसाठी ठरवून दे.” मी प्रयोगशाळेत काम करतो, तिथला ओढीचा जोर मोजायचा स्प्रिंगचा काटा घेऊन गेलो. ठकीने तो एकदा ओढला, मग त्याला बाहुली टांगली आणि पसार झाली.

ताई मापांचा तक्ता पुढ्यात घेऊन बसली होती.

“कमर आहे, उंची आहे, मांडीचा घेरसुद्धा आहे. पण दोन वर्षांच्या मुठीत जोर किती असतो, ते कुठे सापडेल रे?”