होडीत आधी कोण?

आमच्या खाडीकाठच्या गावात आम्ही पाच हौशी माणसांनी दर रविवारी समाजमंदिरामागच्या शेडमध्ये जमून एक लाकडी होडी बांधली. काल ती पाण्यात ढकलली, नारळ फोडला, आणि सगळ्यांच्या अंगात एकदम विनय संचारला.

"अप्पा, वयाचा मान तुमचा. बसा," मी म्हणालो.

"छे हो! आधी शालनवहिनी," अप्पा दोन पावलं मागे सरकले.

"मी? माझा आज उपास आहे!"

उपासाचा आणि होडीचा संबंध कुणीही विचारला नाही. दुसऱ्याच्या कामावर प्रत्येकाचा पूर्ण विश्वास होता. पण आपण स्वतः कुठला खिळा घाईत ठोकलाय, ते ज्याचं त्याला पक्कं ठाऊक होतं. इतकं प्रामाणिक आत्मपरीक्षण मी देवळातही पाहिलेलं नाही.

शेवटी एकमेकांचे हात धरून पाचही जण एकदमच चढलो. होडी डुलली, कुरकुरली आणि चक्क तरंगली! माझ्या फळीच्या सांध्यातून मात्र पाणी झिरपू लागलं. मी हळूच त्यावर पाय दाबला आणि साळसूद चेहऱ्याने वर पाहिलं.

बाकीचे चौघंही एकेक पाय घट्ट रोवून आभाळाकडे बघत होते.