वैशाखातला स्वेटर

भर वैशाखात स्वेटर घातलेली मुलगी, एवढंच कुणाला सांगितलं की ऐकणारा हसतो. मला नाही हसू येत. इतकी वर्षं झाली तरी ते सगळं आठवलं की माझं डोकं तापतं. आणि ‘आता वय झालं, सोडून दे’ म्हणणाऱ्यांचा तर त्याहून राग येतो. का सोडून द्यायचं? तो अंगात घालून ओटीवर तासभर मी बसले होते, हे म्हणणारे नव्हते बसले.

माझ्या हातांवर कोड होतं. अकराव्या वर्षी डाव्या कोपराखाली तुरीच्या डाळीएवढा पांढरा ठिपका उठला आणि सतराव्या वर्षापर्यंत दोन्ही हातांवर मनगटापर्यंत डाग पसरले. तोंडावर काही नव्हतं. ‘तोंड वाचलं हे नशीब’ असं घरात येणारी प्रत्येक बाई म्हणायची. हात जणू दुसऱ्याच कुणाचे होते. बावचीचं तेल चोळून मला उन्हात बसवलं गेलं. फोड आले, फुटले, आणि डाग होते तिथंच राहिले. घरी आलेल्या शेजाऱ्यांना मी पाणी दिलं तर ते कुणी प्यायचं नाही, तांब्या तसाच खाली ठेवायचे. ‘तहान न्हाई’ म्हणायचे. उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता आमच्या भोरमध्ये कुणाला तहान नसते, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सातवी पास झाले तेव्हा शाळेतल्या मोठ्या बाईंनी मला लहान वर्गाला शिकवायला बोलावलं होतं. घरात ठरलं, आधी लग्न. आणि लग्न जमायचं तर कोड दिसता कामा नये. माझ्या डोळ्यांपुढे मात्र पुढचं सगळं दिसत होतं. एकदा लपवून लग्न लागलं की जन्मभर लपवायचं. चुलीपुढे बाही वर सारायची नाही. नदीवर धुणं धुताना बाह्या भिजवून तशाच ठेवायच्या. मूल झालं तर त्याला न्हाऊ घालतानासुद्धा कुणी बघत नाही ना, हे बघायचं. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “समद्या बायका कायतरी झाकत्यातच.” झालं. विषय संपला.

माझी आई लग्नाआधी पुण्याला तिच्या मामाकडे राहून चार इयत्ता शिकली होती आणि तिथल्या शिवणाच्या बाईंकडून दोन सुयांवरचं विणकाम शिकून आली होती. सुया ती स्वतः करायची, सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून. गल्लीतल्या बायका नवी वीण शिकायला तिच्याकडे यायच्या आणि आई कुणालाही नाही म्हणायची नाही. हातातलं काम टाकून दाखवायची. दाखवलेलं डोक्यात शिरलं नाही तर पुन्हा दाखवायची. तिला त्याचा गर्व होता आणि तो खरा होता, हे रागाच्या भरातही मला कबूल करावं लागतं.

स्वेटरची कल्पना तिचीच. लांब बाह्यांचं झंपर घातलं तर उन्हाळ्यात लोक विचारणार, एवढं अंग झाकलंय का? पण मुलीच्या हातची कला म्हणून विणलेलं काही घातलं, तर कुणी शंका घेणार नाही. उलट कौतुक करतील. लोकरीचा तर शक्यच नव्हता. वडील पुस्तकबांधणी करायचे. पोथ्या आणि वह्या शिवायला ते पुण्याहून लिननचा दोरा आणत. जवसाच्या जातीच्या झाडाच्या वाखाचा तो दोरा असतो आणि परदेशातून येतो, एवढं ते सांगायचे. त्यातला बारीक, मेण न लावलेला दोरा आईने बोटावर गुंडाळून बघितला, गालाला लावून बघितला. म्हणाली, “ह्यो गार हाय.” दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो काळ, दोरा मिळत होता.

लोकर कशीही विणा, ती सांभाळून घेते. एखादा टाका सैल पडला तर फुगून जागा भरते. लिनन कुणाचं ऐकत नाही. जरा हात ढिला पडला की ती चूक कायमची तिथं दिसते. दोरा कोरडा असला तर बोट कापायचा, म्हणून आई गुंडा पाण्याच्या वाटीत ठेवून ओलाच विणायची. आधी तिने वीतभर नमुना विणला, तो खुंटीला टांगला आणि खाली वडिलांचं पुस्तकं दाबायचं लोखंडी वजन बांधलं. दुसऱ्या दिवशी नमुना दोन बोटं लांब झाला होता. म्हणजे बाही तेवढी आखूड विणायची, अंगावर आल्यावर ती आपोआप उतरते. विणलेला तुकडा ओला करून वडील पाट्यावर हातोडीने हलकेच ठोकायचे. त्याने तो मऊ पडायचा. माझं लग्न जमावं म्हणून माझे आईबाप स्वयंपाकघरात बसून ठोकाठोकी करत होते आणि मी दाराशी उभी राहून दात खात होते.

खरी अडचण पुढे होती. स्वेटर उन्हाळ्यात सोसायचा तर वीण जाळीची हवी, भोकाभोकांची. आणि भोकातून डाग दिसणार. पूर्ण दाट विणावा तर मी त्यात उकडून निघणार. आई दोन दिवस नमुने विणून उसवत होती. तिसऱ्या दिवशी दुपारच्या उजेडात तिने मला मागच्या दारी बसवलं, वडिलांकडचा पातळ पारदर्शक कागद माझ्या हातावर ताणून धरला आणि पेन्सिलीने एकेक डाग छापून काढला. डाव्या हातावर अकरा, उजव्यावर सात. काही लांबट होते, काही पिंपळपानासारखे टोकदार. वडिलांनी त्या कागदावर वहीला आखतात तसे बारीक चौकोन आखले. एक चौकोन म्हणजे एक टाका. जिथे डाग तिथे दाट वीण, बाकी सगळीकडे जाळी.

तो कागद माझ्या हातावरून उचलला गेला तेव्हा मला जे वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. राग तर होताच. माझ्या अंगावर जे होतं, ज्यासाठी मला तेल लावून भाजलं होतं, ते आता चौकोनांत मोजलं जात होतं. आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी आईशी बोलणं टाकलं. ती माप घ्यायला यायची, मी हात पुढे करायचे, बस.

चार महिने ते विणकाम चाललं. फाल्गुनात उजवी बाही संपत आली आणि त्याच आठवड्यात माझ्या उजव्या मनगटाजवळ नवा डाग उठला. मला वाटलं, आता तरी आई रडेल. आता तरी म्हणेल की पुरे झालं. तिने कागद आणला, नवा डाग छापला, बाही अर्ध्यापर्यंत उसवली आणि पुन्हा विणायला घेतली. दोरा वाकडातिकडा झाला होता, तो तिने भिजवून ताणून वाळवला. मी म्हटलं, “आणि लगीन झाल्यावर उठला तर? तवा तू येणार हायेस का बाही उसवाया?” तिच्या सुया चालूच राहिल्या.

वैशाखात शिवरे गावची मंडळी मला बघायला आली. माझ्या मामाने हे स्थळ आणलं होतं. मुलगा, त्याचा बाप आणि आई. मुलाने अख्ख्या वेळात मान वर केली नाही, तेव्हा त्याच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. मी स्वेटर घालून ओटीवर पाटावर बसले. तो गार होता, हे खरं सांगते. वाऱ्याची झुळूक आली की जाळीतून आत शिरायची. दुधाळ रंगाच्या त्या जाळीत दाट पानं विखुरलेली होती, एकासारखं दुसरं नाही. नेहमीच्या विणीत एकच फूल ओळीने पुन्हा पुन्हा येतं. इथं कुठलंच पान दुसऱ्यांदा येत नव्हतं. मी तो आरशात पहिल्यांदा बघितला तेव्हा क्षणभर राग विसरले होते. त्याचाही मला नंतर राग आला.

मुलाच्या आईची नजर माझ्या तोंडावर फार वेळ राहिली नाही. ती बाहीवर गेली आणि तिथंच चिकटली. बाईला विणकामाची जाण असावी. पोहे हातात धरून ती पुढे सरकली.

“ही नक्षी कुटनं काढली वो? म्या कदी बगितली न्हाई असली.”

आई म्हणाली, “अशीच, मनानं.”

“मनानं? येकबी पान दुसऱ्यावानी न्हाई. काढ गं पोरी जरा. आतनं बगती, टाके कसे फिरवल्यात.”

आई तेव्हा मला पहिल्यांदा घाबरलेली दिसली. आईने कुठंतरी चार ओळी वेंधळ्या विणल्या असत्या, एखादं फूल नेहमीचं टाकलं असतं, तर त्या बाईने दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. पण तिला वाईट विणताच येत नव्हतं. मामा घाईने त्या बाईला म्हणाला, “असू द्या की आक्का, मागनं दावंल.” वडील खाली बघत होते.

मी उठले. सहा वर्षांचं सगळं एकदम आठवलं, ते तेल, ते ऊन, तो तसाच खाली ठेवलेला तांब्या. मी डोक्यावरचा पदर खाली टाकला, स्वेटर डोक्यावरून काढला आणि त्या बाईच्या मांडीवर ठेवला. आखूड बाह्यांच्या चोळीत मी तिच्यासमोर उभी राहिले आणि दोन्ही हात पुढे केले.

“नक्षी हितनं काढली,” मी म्हणाले.

तिने स्वेटरकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, पुन्हा स्वेटरकडे. पान न पान जुळत होतं. कुणी ओरडलं नाही. मुलाच्या बापाने टोपी उचलली आणि पाच मिनिटांत त्यांची गाडी वेशीकडे लागली. पोहे तसेच राहिले. मामा आईला नको नको ते बोलला. पोरीला लाज नाही, तुलाही नाही, आता ह्या दारात दुसरं माणूस कसं आणू? मी वाट बघत होते की आई मला एक मुस्काटात देईल. मला ती हवी होती, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. तिने स्वेटरची घडी घातली आणि पोह्यांच्या ताटल्या उचलल्या.

पंधरा दिवसांनी मामा पुन्हा आला. जरा ओशाळा होऊन बसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, शिवऱ्याहून निरोप आहे. माझा चेहरा एकदम गरम झाला. मूर्खासारखी मला आशा वाटली. ती आशा कशाची होती कोण जाणे, मला ते लग्न नकोच होतं.

मामा म्हणाला, “पोरगी नगं म्हणत्यात त्ये. पन त्येंच्या लेकीचं यंदा लगीन हाय. ती नक्षी लिवून मिळंल का, म्हून इचारलंय.”

मला हसावं की त्याच्या अंगावर काही फेकावं कळेना. मी नको होते, माझे डाग हवे होते. त्यांच्या लेकीच्या चांगल्या हातांवर शोभायला. आणि मला पक्कं ठाऊक होतं की आई देणार. ती कधी कुणाला वीण नाही म्हणालीच नव्हती. तो चौकोनांचा कागद पेटीतच होता, आत्ता उठेल आणि काढून देईल.

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

“द्येते की,” ती म्हणाली. “पन नक्षी माज्या लेकीच्या हातावर हाय, दादा. लेक न्हेली तर नक्षी जाईल. येकली नक्षी मी कुणालाच द्येनार न्हाई. सांग जा त्यास्नी.”

मामा काहीतरी बोलायला गेला. आईने पुन्हा सूप उचललं. संध्याकाळी तिने मला विचारलं, शाळेतल्या बाईंना अजून माणूस हवंय का. मी म्हटलं, विचारते. सहा महिन्यांत आम्ही एकमेकींशी धड बोललेलं ते एवढंच.

मी शिकवायला लागले. आधी भोरमध्ये, मग वेल्ह्याच्या वाटेवर मार्गासनी गावाजवळ, कोपरापर्यंत बाही असलेलं झंपर घालून. मुलं दोन दिवस हातांकडे बघतात, तिसऱ्या दिवशी पाढे म्हणायला लागतात. मोठ्या माणसांना जास्त वेळ लागायचा, काहींना कधीच जमलं नाही. स्वेटर मी परत घातला नाही. एकदा उसवायलाही घेतला होता, रागानेच. आईने ते बघितलं, पण मला थांबवलं नाही. ती म्हणाली, “वरनं न्हाई उसवत त्यो, खालनं धर.” मी तो तसाच पेटीत टाकला. लढाई सुरू झाली, दोरा यायचा बंद झाला, पुढे आईही गेली.

आज माझ्या हातांवर एकही डाग नाही. म्हणजे डाग वाढत वाढत एकमेकांना मिळाले, आणि आता बोटांच्या टोकांपासून खांद्यांपर्यंत सगळी कातडी एकसारखी पांढरी आहे. परवा पेटीतून स्वेटर काढला आणि बाही हाताला लावून बघितली. कुठलंच पान कुठं बसलं नाही. त्या मुलीचे हात कसे होते ते आता मलाही आठवत नाही. ते माझ्या आईने टाका न टाका मोजून ठेवलं होतं, आणि मी तिच्याशी सहा महिने बोलले नाही.