सोमवारी न सापडणारी हवा

दानेश्वरीबद्दल मला फार थोडं माहीत आहे. तिचं आडनाव मी कधी विचारलं नाही. सीमेकडच्या कुठल्याशा गावची, घरी कानडी बोलणारी, एवढं कळलं होतं. तेही ती मला अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायची म्हणून. एक दिवस सोडला, तर आमची गाठ फक्त सोमवारी पडायची. एवढ्यावर कुणाबद्दल लिहू नये. पण उचगावच्या कारखान्यांत तिच्या नावाने अजून हसतात, ते ऐकवत नाही.

आमच्या कारखान्यात फौंड्रीतून आलेले ओतीव भाग घासून साफ करायचे. घासायची यंत्रं दाबाच्या हवेवर चालायची. ती हवा कॉम्प्रेसर तयार करायचा आणि विजेच्या बिलातला मोठा वाटा तोच खायचा. मी तिथला हजेरी क्लार्क. निवृत्त झाल्यावर सोमवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, फाटक सांभाळायला जायचो.

दानेश्वरी आणि तिच्या वर्गातला शिवशरण यांनी मिळून कंपनी काढली होती. पाइपातून किती हवा गळते आणि त्यापायी किती वीज फुकट जाते, हे सांगणारं मीटर त्यांनी बनवलं होतं. पुढे शिवशरण कंटाळून पुण्याला नोकरीला गेला. ती एकटी राहिली. आमचे मालक धैर्यशील साहेब म्हणजे कारखानदारांत शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांनी उन्हाळा संपेपर्यंत मीटर लावून बघायचं कबूल केलं.

"साहेब चांगलं म्हणाले की बाकीचे घेतील," ती मला म्हणाली. "न्हाय म्हणाले तर कंपनी बंद, अज्जा. घरात मग लग्नाशिवाय दुसरं काय ऐकून घेत न्हाईत."

गळती ऐकू यायला शांतता लागते, म्हणून तिला सोमवार हवा असायचा. यंत्रं बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन ती सांध्यासांध्याला कान लावत फिरायची. बुडबुडा दिसला की पाना काढायची. शिमग्यापर्यंत तिने सगळी गळती काढली. बिल उतरलं. साहेबांनी स्वतः तिला चहा पाजला.

मग एप्रिल लागला आणि मीटर पुन्हा चढलं. कामाच्या दिवसांत भरपूर हवा गळते, असं ते दाखवायचं. सोमवारी ती यायची, तर कुठं साधी फुस्स नाही. तिने मीटर उघडलं, जोडलं, पुन्हा उघडलं. दुसरं आणून लावलं. तेही तेच सांगू लागलं. गावाकडून वडिलांचा फोन आला की ती फाटकाबाहेर जाऊन बोलायची. आत येताना तोंड धुऊन यायची.

"अज्जा, मीटर खोटं बोलतंय का माझं कान गेलं?" एकदा तिने विचारलं. मला काय कळतंय? मी म्हणालो, "दोन घास खाऊन घे आधी."

ती जोतीराम नावाच्या कामगाराच्या यंत्रापाशी, त्याच्याच स्टुलावर डबा घेऊन बसली. वर तापलेला पत्रा, घामाने ती भिजली होती. समोरच्या पाइपला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला दिसला, म्हणून तिने तो सहज सोडला. तिचे केस एकदम उडाले.

"अज्जा, हिकडं या. बसा हितं."

मी बसलो. खिळ्याने पाडलेलं बारीक भोक होतं आणि त्यातली हवा नेमकी मानेवर येत होती.

"गार हाय की," मी म्हणालो.

ती मोठ्याने हसली. मग एकेका यंत्राजवळ गेली. सगळीकडे तसंच भोक, तसंच रबर. कामाच्या आवाजात फुसफुस कुणाला ऐकू येत नव्हती. यंत्रं थांबली की भोक सापडायला नको, म्हणून कामगार जाताना वर रबर गुंडाळायचे. तिने सगळी रबरं होती तशी पुन्हा गुंडाळली. डबा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांकडे गेली, तेव्हा मी किल्ल्या द्यायला तिथंच उभा होतो.

"साहेब, शेडमध्ये पंखे लावूया. माणसं भाजत्यात."

"मॅडम, मी तुम्हाला बिल उतरवायला आणलं, आणि तुम्ही मलाच पंखे घ्यायला लावताय व्हय? पंख्यानं लोखंडाची धूळ डोळ्यात जाती. ते सोडा. मीटर का चढतंय ते सांगा."

तिने हातातली आकड्यांची वही मिटली.

"कुणी काय केलंय का? नाव सांगा, आज घरी बसवतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी किल्ल्यांकडे पाहिलं.

"माझ्या मीटरमध्येच चूक हाय, साहेब," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य कारखानदारांत पोचलं. त्यानंतर तिला कुणी दारात उभं केलं नाही. चहाच्या गाड्यावर जोतीराम म्हणाला, "बाईचं यंत्र बाईवाणीच निघालं, उगंच वरडतंय!" सगळे हसले. तिने भोकं पाहून पुन्हा झाकली होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता ती शेड मोडली, पाइप भंगारात गेले, म्हणून मी सांगतो आहे.

पुढच्या सोमवारी ती मीटर काढायला आली. शिडी मी धरली. तिने दोन्ही मीटर जुन्या चादरीत बांधून गाडीला अडकवली. कॉम्प्रेसर बंद होता. एवढ्या मोठ्या शेडमध्ये कसलाच आवाज नव्हता, तरी जाता जाता ती एका सांध्यापाशी थांबली आणि कान लावून उभी राहिली. बराच वेळ. मग फाटकापाशी आली.

"जेवलासा काय, अज्जा?"

"व्हय. तू?"

"जाताना खाते की."

"ऊन हाय. डोक्याला बांध काहीतरी."

"बांधते," ती म्हणाली.