रुखवताचा बंगला आणि स्टेशनचा उतार

मंडळी, आज सकाळी मी नागपूर स्टेशनवर अख्खं घर उचलून नेलं. दोन मजली, समोर तुळस, अंगणात झोपाळा.

उद्या अकोल्याला आत्याच्या नातीचं लग्न आहे. रुखवतात मांडायला आत्यानं महिनाभर बसून आइस्क्रीमच्या काड्यांचा हा बंगला केला. गाडीपर्यंत न्यायला एका बाजूनं मी धरला, दुसऱ्या बाजूनं तिनं.

पुलावरून फलाटाकडे जिना उतरायला लागलो आणि बंगला माझ्याकडे कलला. पायाखालची पायरी दोघांनाही दिसेना. आत्या वरून ओरडली, "थांब नं गा, तुळस पडते!"

मागून एक बाई म्हणाल्या, "जिन्यानं काहून नेऊन राहिले जी? तिकडं उतार आहे नं."

तो उतार मी आजवर उगाचचा वळसा म्हणून टाळत आलो. आज त्यावरून आम्ही वरातीसारखे निघालो. समोरचे लोक बॅगा बाजूला घेऊन वाट देत होते. खाली पोहोचल्यावर आत्या म्हणाली, "नवरीचं घर सुखरूप उतरलं बाप्पा."

तिला गाडीत बसवून परत येताना उतारावर नीट पाहिलं. झोपलेलं पोर खांद्यावर घेतलेला बाप होता, इतवारीच्या बाजारातून भांड्यांचं पोतं घेऊन निघालेले काका होते. स्टेशनवर जो तो थोडंफार घर उचलूनच चाललेला असतो. तुमच्याकडे त्याच्यासाठी उतार आहे, की नुसत्या पायऱ्याच?

आत्ताच आत्याचा फोन आला. बंगला मांडून झाला. म्हणे, झोपाळा अजून हलून राहिला.